बोलायला माणूस

मनकर्णाबाईंनी अमरावतीला मुलाकडे जेमतेम वर्ष काढलं. नातीसमोर ‘मले-तुले’ असं वऱ्हाडी बोलू नका, शाळेत तिला पोरं हसतात, असं सून रागिणीने एकदा सांगितलं. तेव्हापासून त्या एकेक शब्द चाचपून बोलू लागल्या, आणि हळूहळू बोलायच्याच थांबल्या. शेवटी गुडघ्याचं निमित्त काढून अकोल्याला आपल्या घरी परतल्या आणि वरची खोली भाड्याने दिली.

भाडेकरू अनुपमा मूळची ओडिशाची. कृषी विद्यापीठात कपाशीवरच्या बोंडअळीचा अभ्यास करायची. मराठी पुस्तकातून शिकलेली. शेतकऱ्यांशी बोलायला गेली की ते हिंदीत उत्तर द्यायचे.

“मला शिकवाल?” तिने विचारलं.

“मी काय शिकवणार तुले? चौथीपर्यंत शिकेल बाई मी.”

“शिकवू नका. नुसतं बोला माझ्याशी.”

मग दीड वर्ष मनकर्णाबाई बोलल्या. तूर निवडताना, कपडे वाळत घालताना, नवऱ्याबद्दल, नणंदांबद्दल. पोरगी चुकली तरी हसायच्या नाहीत. तेच वाक्य नीट म्हणून पुढे जायच्या. एक दिवस अनुपमा बार्शीटाकळीच्या शेतांवरून आली ती पायऱ्यांवरूनच सांगत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिला हिंदीत नाही, वऱ्हाडीत विचारलं होतं, “कोन्या गावची व तू?” मनकर्णाबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

डिग्री झाली, अनुपमा ओडिशाला परत गेली. दर रविवारी फोन यायचा. एकदा बोलता बोलता मागून तिच्या आईने हाक मारली. अनुपमाने उत्तर दिलं ते आपल्या भाषेत, भरभर, खळखळून हसत. तो आवाज मनकर्णाबाईंनी कधी ऐकलाच नव्हता. इथे ही पोरगी किती जपून बोलायची! आपण अमरावतीला बोलायचो तशीच.

“जाय,” त्या म्हणाल्या, “बोल तुह्या मायसंग.”

“तुमी रागावल्या काय?”

“नाही व. काहून रागावू?”

पुढे फोन कमी झाले. अनुपमाला शब्द आठवेनात, मधेच हिंदी यायची. मनकर्णाबाईंना हिंदी कळायची, पण त्या भाषेत मन मोकळं करता यायचं नाही.

संक्रांतीला त्यांनी अमरावतीला फोन लावला. नात प्रणालीने उचलला.

“काय करून राहिली व?”

“आजी, थांब हं, मम्मीला देते.” ती गेली आणि परत आली. “मम्मी आंघोळीला गेली.”

“मंग तूच बोल ना माह्यासंग.”

“काय बोलू?”

मनकर्णाबाईंनी विचारलं, “शाळा हाये काय आज?”

“नाही,” प्रणाली म्हणाली, आणि फोन तसाच ठेवून मम्मी बाहेर आली का ते बघायला गेली.