स्पंजवर बसवलेला वैमानिक

साठी उलटलेल्या घड्याळजीला 'बाळ्या' म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण. नर्सची नोकरी संपवून अक्का त्याच्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिच्या लक्षात आलं, बाळ्या चहाचा कप अर्धाच भरून घेतोय. हात थरथरत होते. दुकान त्यानं आधीच बंद केलं होतं. थर्माकोलची विमानं उडवायचं वेड मात्र सुटलं नव्हतं.

एका रविवारी मैदानावर रिमोटची दांडी त्याच्या अंगठ्याखाली नको तेव्हा हलली आणि विमानानं थेट जमिनीत नाक खुपसलं. घरी येऊन त्यानं ते माळ्यावर टाकलं. "झालं आपलं," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

अक्काला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अंथरूण धरलेला पेशंट कसा उठवायचा ते पक्कं ठाऊक होतं.

"मोठ्या विमानांत म्हणे पायलट हात सोडून जेवतात. तुझ्या चिमणीला तसलं काही बसत नाही का रे?"

"ऑटोपायलट? तयार मिळतो. त्या किमतीत दुसरं विमान येईल."

"मग घरी कर. जन्मभर लोकांची यंत्रं उघडलीस, एक स्वतःचं जोड की."

बाळ्या कुशीवर वळला. थोड्या वेळानं उठूनच बसला. अक्काच्या सामानात तिच्या लेकाचा गेमचा जुना रिमोट मोडून पडला होता. हात कलला की ओळखणारी नखाएवढी चिप त्याच्यात असते, हे बाळ्याला माहीत होतं. ती काढून वायरी जोडणं मात्र त्याच्या हातून होण्यातलं नव्हतं. म्हणून तो डोळ्याला भिंग लावून सांगायचा आणि सोल्डरिंगची गरम सळई अक्का धरायची.

"अक्का, डाग केवढा दिलास!"

"तू आधी मानेवर श्वास सोडणं बंद कर. टाके घालण्यातच हयात गेलीय माझी."

प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळाला, तो चालवणारा छोटा बोर्ड बाजारात स्वस्तात. माळ्यावरचं विमान टेबलावर घेऊन मोटर सुरू केली, तर पंखांच्या मागच्या पट्ट्या ताप चढल्यासारख्या फडफडायला लागल्या.

"मोटर हादरते आणि या ऑटोपायलटला वाटतं, विमानच कलंडतंय," बाळ्या म्हणाला. "बिचाऱ्याला माझाच आजार झालाय."

तो हसला, पण नुसत्या ओठांनी. अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासायचा कोरा स्पंज आणला, कात्रीनं तुकडा कापला आणि चिप त्याच्यावर चिकटवली. पट्ट्या शांत झाल्या. बाळ्या बघतच राहिला.

"मलाही असाच एखादा स्पंज..."

"बसवते. आधी जेवून घे."

मैदानावर पहिल्याच उड्डाणात विमान डावीकडे कललं, आणखी कललं, गिरकी घेऊन झुडपात घुसलं. अक्काला वाटलं, आता हा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार! पण बाळ्या तुटका पंख हातात घेऊन हसत बाहेर आला. केसांत काटक्या अडकल्या होत्या.

"अगं, आपण चिप उलटी बसवली! डावं-उजवं उलटं झालं. तो बिचारा इमानेइतबारे आपल्याला पाडत होता!"

पंख चिकटवला, चिप फिरवली. पुढच्या खेपेला विमान वर गेल्यावर बाळ्यानं जीव मुठीत धरून दोन्ही अंगठे उचलले. वाऱ्यानं विमान डुललं, क्षणभर अडखळलं आणि आपलं आपण सरळ होऊन चालू लागलं. बाळ्याचे अंगठे हवेत तसेच थरथरत होते. विमानाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"अरे, वळव की! चाललं ते!"

त्यानं रिमोट तिच्याच हातात कोंबला.

"बाळ्या, मला नाही येत!"

"त्याला येतंय. तू फक्त कुठं जायचं ते सांग."

अक्कानं दांडी जराशी ढकलली. विमान वळलं, पंखावर ऊन चमकलं. अक्का परकरातल्या पोरीसारखी किंचाळली. बाळ्यानं तिच्या कोपराखाली आपला थरथरता तळवा आधाराला दिला.

"घाई नको, अक्का. सावकाश घे."

"गप्प बस, बोलू नकोस," ती म्हणाली आणि विमानाला आणखी एक मोठी फेरी मारायला लावली.