विकायला निघालेली घरगाडी

गाडी विकायचं मीच ठरवलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतं मंग मधातच कोणी म्हणाल, यमुताई, तुम्हीच तं असं म्हणत होत्या.

आम्ही नागपुरातल्या टिमकीतले कोष्टी. आमच्या ह्याईचं नाव मारोतराव. एकदा घेतलं, आता पुन्हा नाही घेणार. लग्नाआधी हे ट्रकवर क्लीनर होते, पार कलकत्त्यापर्यंत जाऊन आलेले, गाडी चालवायलेही तिथंच शिकले. मंग माझ्या सासऱ्यानं कान धरून घरी आणलं अन् मागावर बसवलं. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसते, पाय खाली खड्ड्यात, तोंड भिंतीकडं. हे लुगडी विणायचे अन् मी मागं रहाटावर बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. सारा संसार असाच झाला. मंग पॉवरलूम आले, हातमागाचं लुगडं कोणी पुसेना. पोरगा भिलाईले नोकरीले लागला होता, तो म्हणाला, बाबा, आता बस करा. ह्याईनं बस केलं. अन् महिना नाही होत तं लिलावातून ही गाडी उचलून आणली.

गाडी कसली, कोण्या एका जुन्या फिरत्या दवाखान्याचा डबा होता तो. ह्याईनं त्यात दोन फळ्यांच्या खाटा ठोकल्या, भांड्यांची मांडणी बसवली, स्टोव्हसाठी पत्र्याचा ओटा केला, पाण्याचा ड्रम ठेवून त्याले तोटी लावली. माझ्या दोन जुन्या लुगड्यांचे पडदे केले, तेही मले न विचारता. मंग मले आत बसवून म्हणाले, आता आपण गावोगाव हिंडायचं. मी म्हटलं, तुमचं डोकं ठिकाणावर आहे काय जी.

हिंडणं राहिलं बाजूले, दुरुस्तीच सुरू झाली. रामटेकले गेलो ते वापस येताना ट्रॅक्टरले दोर बांधून आलो. सावनेरले ब्रेक लागेना, तं एका माणसाच्या तणसाच्या, म्हणजे वाळल्या पेंढ्याच्या, ढिगात जाऊन थांबलो. स्टार्टर तं कधी चालूच झाला नाही, समोरून हँडल मारा तेव्हा गाडी उठायची. खड्डा आला का मागचं दार आपलं आपण उघडे अन् माझी एकएक वाटी रस्त्यावर जाई. तोटी रात्रभर माझ्याच उशीवर गळे, ह्याईच्या उशीवर एक थेंब नाही. सगळ्यात ताप म्हणजे डब्यावरचा तो दवाखान्याचा लाल क्रॉस. ह्याईनं दोनदा रंग मारला, तरी उन्हात तो आतून दिसायचाच. कुठं थांबलो का लोक खोकणारे म्हातारे अन् रडणारी पोरं घेऊन लायनीत उभे. सुई द्या म्हणत. नाही म्हटलं तं आम्हालेच शिव्या.

हे सारं मी चालवून घेतलं असतं. पण गल्लीचं काय? आमच्या गल्लीत अजून चार घरी माग आहेत. सकाळच्या पाहारी गल्लीभर ताणा पसरते, म्हणजे उभे धागे लांबच लांब ताणून त्याईले पिठाची खळ लावायची, कुंचल्यानं साफ करायचं अन् उन्हात वाळवायचं. ह्याले आम्ही पाजण म्हणतो. पाजण्याले सरळ गल्ली लागते, अन् गल्लीच्या मधोमध आमची गाडी. लोक ताणा वाकडा करून नेत, धागे तुटत. शेजारची सिंधूताई माझी जिवाभावाची, तीही बोलेनाशी झाली. शेवटी गल्लीतले चार जण घरी आले अन् संक्रांतीच्या आत गाडी हलवा म्हणून सांगून गेले. त्याईचं काही चुकलं नव्हतं. गल्लीशिवाय दुसरी जागा आमच्यापाशी नव्हती. त्याच दिवशी मी गिऱ्हाईक शोधायले लागली.

नरखेड तालुक्यातले रुपराव म्हणून संत्र्याचे बगीचेवाले होते, माझ्या माहेरच्या ओळखीतले. संत्री नागपूरच्या बाजारात न्यायले त्याईले बंद गाडी पाहिजे होती. त्याईनं निरोप धाडला, का गाडी आपल्या पायानं माझ्या बगीच्यापर्यंत आली तं घेतो, दोर बांधून आली तं नाही. मी ह्याईले सांगितलं. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत, पण गाडीखाली झोपून एकएक नट आवळून काढला. दुसरा कोणी असता तं मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवलं असतं. हे तसे नाहीत. सौदा झाला म्हणजे माल चोख द्यायचा, कोष्ट्याचं लुगडं जाते तसा.

पूसचे, थंडीचे दिवस. सकाळी निघालो तेव्हा सिंधूताई दारात उभी होती. गाडी जाऊन राहिली म्हणून तिले आनंद झाला पाहिजे होता, पण तिनं भाकरी अन् ठेचा बांधून दिला अन् तोंड फिरवलं. मी समोर ह्याईच्या बाजूले बसली. मले एकच काळजी, आजचा दिवस गाडी चालली पाहिजे. देवाले म्हटलं, उद्या मेली तरी चालेल, पण आज रुपरावच्या दारात उभी कर.

काटोल सोडलं अन् समोरून वाफ निघायले लागली. हे उतरले, पाहिलं, म्हणाले, रेडिएटरचं पाणी गळून राहिलं. खालचा रबरी पाइप चिरला होता. ट्रकवाले अशा वेळी रेडिएटरमध्ये हळद टाकतात, हे ह्याईले चांगलं माहीत. पण नाही. कोष्ट्याची अक्कल. ह्याईनं खाटेखालून डबा काढला, तं त्यात काय? घरून आणलेली तांदळाची खळ. मी विचारलं, हे काहून आणलं? तं म्हणतात, "जे धाग्याले धरते ते रबराले काहून नाही धरणार?" अन् डब्बाभर खळ ओतली न आत.

धरलं खरं. गळणं थांबलं. हे माझ्याकडं असं पाहून राहिले जसं काही मोठं इनामच भेटलं. कोसभरही गेलो नसू, अन् गाडीच्या पोटात गुडगुड व्हायले लागलं. हे उतरले, फडकं घेऊन झाकण ढिलं केलं, अन् भस्सकन पेजेचा फवारा उडाला. नशीब, हे मागं सरले होते म्हणून भाजलं नाही. पण टोपी, मिशा, सदरा, सारं पांढरं. आत खळ शिजून घट्ट झाली होती न. भात करायचाच होता तं स्टोव्ह कशाले दिला मले, असं मी विचारणार होती, पण माझ्याच्यानं बोलवेना. इतकी हसली मी, इतकी हसली, का रस्त्याच्या कडेले बसून गेली. हे पहिले रागावले. मंग मिशीवरची खळ बोटानं काढून पाहिली अन् म्हणाले, पाजणाले बरोबर आहे वं. मंग दोघंही हसत बसलो.

बाजूलेच संत्र्याचा बगीचा होता, विहीर होती, पंप चालू होता. बगीच्याची मालकीण बायजाबाई म्हणून एक म्हातारी बाई काठी टेकत आली. तिनं तो लाल क्रॉस पाहिला अन् म्हणाली, बरं झालं आले, माझा खोकला जात नाही. मी खरं सांगितलं, का बाई, आम्ही कोष्टी आहो, दवाखाना नाही. तिले काही पटलं नाही. मंग मी स्टोव्ह पेटवला, अद्रक, गूळ, मिरे टाकून काढा करून दिला. ती माझ्या फळीच्या खाटेवर बसून काढा प्यायली, पडदे हातानं चाचपून पाहिले, आणि म्हणाली, अशी गाडी मले भेटली असती तं मी घरी राहिलीच नसती. ते माझ्या मनात बसलं.

तिनं पंपाचं पाणी दिलं. नळी लावून आम्ही रेडिएटर धुतला, धुतला, तेव्हा कुठं ती खळ निघाली. राहिला फाटका पाइप. ते माझ्या हातचं काम होतं. शिवणाच्या डब्यात सुताची लडी होती. साबणाची वडी भिजवून चिरीत घट्ट भरली, वरून फडक्याची पट्टी, अन् त्यावर मी कांडी भरते तसं सूत गुंडाळत गेली, एकाले एक लागून, ताण न सोडता. हे नुसते पाहत उभे. पाणी भरलं, हँडल मारलं, गाडी उठली. थेंब नाही गळला. ह्याईनं खाली वाकून हात फिरवून पाहिला अन् म्हणाले, अशी कांडी तं तू माझ्यासाठीही कधी भरली नाही. मी म्हटलं, तुम्ही कधी मागं वळून पाहिलं काय?

बोलून गेली मी, पण ते खरंच होतं. झाडाखाली बसून भाकरी खाताना तेच डोक्यात फिरत राहिलं. इतक्या वर्षांत मी ह्या माणसाची पाठच पाहत आली होती. माग भिंतीकडं, रहाट मागं. जेवायले बसले तरी डोक्यात पुढचा काठ कसा घ्यायचा हेच. इथं गाडीत मात्र बाजूबाजूले बसून आलो, अन् रस्ताभर भांडलो, हसलो, एकाच ढेकळावर दोघंही उडलो. खरं सांगू, मले लय सुख वाटलं. अन् लगेच आठवलं, का आता हे सारं रुपरावच्या दारात नेऊन सोडून द्यायचं आहे.

दुपार कलायच्या आत बगीच्यात पोचलो. गाडी आपल्या पायानं, ऐटीत, भोंगा वाजवत आत गेली. इतके दिवस कधी इतकी शहाण्यासारखी चालली नव्हती. रुपराव खुशीत बाहेर आले, गाडीभोवती फिरले, म्हणाले, यमुताई, तुम्ही तं भंगार आहे म्हणून सांगितलं होतं, ही तं चांगली आहे. ह्या खाटा-फिटा, ओटा-बिटा काढून फेकला का बरोबर शंभर पेट्या बसतील.

काढून फेकला म्हणाल्यावर मले ते लय झोंबलं. पण शब्द दिला होता, तोही मीच. तोंडावर नाही कसं म्हणायचं? मंग मी म्हटलं, सौदा करायचा तं खोट आधी सांगितली पाहिजे. अन् सुरू झाली. स्टार्टर चालत नाही. रुपराव म्हणाले, हरकत नाही, हँडल मारू. मागचं दार उघडते, तुमची संत्री रस्त्यावर लोळतील. रुपराव जरा थांबले. रेडिएटरचा पाइप फाटला आहे, सुतावर उभा आहे. अन् सावनेरले ब्रेक लागला नाही, तणसात जाऊन थांबलो, तणस नसतं तं मी आज तुमच्यापुढं उभी नसती.

रुपरावचं तोंड उतरलं. सौदा मोडतच आला होता, अन् तेवढ्यात आमच्या ह्याईले राहवलं नाही. गाडीची निंदा ह्याईले सहन होत नाही न. पुढं झाले अन् म्हणाले, "नाही गा रुपराव, ब्रेक तं मी नवा टाकला. दाराले कडी लावली. इंजिन ऐका तुम्ही, इंजिन असं चालते का विचारू नका." अन् ऐकवलं न त्याईले! बोनट उघडून, एकएक भाग हातानं पुसून, जसं काही पोरगीच दाखवून राहिले. मी डोळे वटारले, कोपर मारलं, सदरा ओढला, पण हे काही केल्या थांबेत ना. डोळ्यात पाणी, अन् तोंडानं गाडीची तारीफ. मी मोडत होती अन् हे विकत होते.

रुपरावचं तोंड पुन्हा खुललं. त्याईनं बायकोले चहा टाक म्हणून हाक मारली अन् खिशात हात घातला. तेव्हा मी मधात जाऊन उभी राहिली. लाज सोडली.

"रुपराव, गाडी नाही विकायची," मी म्हटलं. "मले नाही विकायची. तुम्हाले त्रास दिला, माफी करा."

रुपराव आधी माझ्याकडं पाहत, मंग ह्याईकडं. मंग म्हणाले, मारोतराव, अशी बायको अन् अशी गाडी, दोन्ही तुम्हीच सांभाळा. चहा मात्र पाजला त्याईनं, अन् वरून टोपलीभर संत्री दिली.

बाहेर आल्यावर हे हळूच म्हणाले, "अवं, पण गल्लीत ठेवायची कुठं? लोकाईचं पाजण अडते."

मी त्याचा विचार चहा पितानाच केला होता. पाजण दिवाळीपासून होळीपर्यंतच चालते, पुढं उन्हात धागे तडकतात अन् पावसात वाळत नाहीत. एवढे दिवस गल्लीत राहायचंच कशाले? रुपरावच्या बगीच्यावरून मुलताई जवळ आहे, तापी कुठून निघते ते मी कधी पाहिलं नाही. पुढं कुठं जायचं ते तिथं गेल्यावर पाहू. अन् उन्हाळ्यात घरी गेलो तं सिंधूताईले तापीचं पाणी नेऊन देऊ, मंग ती बोलते का नाही पाहते मी.

ह्याईनं हँडल मारलं, चढून बसले, गाडी बाहेर काढली. जरा दूर गेल्यावर म्हणाले, "मी समजलो होतो आज तिचा अन् माझा शेवटचा दिवस. तुले कसं सांगू यमे, मले काय वाटून राहिलं..." अन् माझ्याकडं पाहतच राहिले, रस्ता सोडून.

मी म्हटलं, "समोर पाहून चालवा जी, बैलबंडी आहे."