एक यंत्र, दोन माणसं

हातगाडीचं चाक उंबऱ्याला टेकलं तसा मोहनाने पाय आडवा घातला. गाडीवर रमणीकभाईंची दोन ड्रिल यंत्रं होती आणि मागे त्यांचेच दोन कामगार, इस्त्रीचे शर्ट घालून उभे.

"परत न्या," ती म्हणाली.

रमणीकभाई शेजारच्या शेडचे मालक. बडोद्यातल्या गोरव्याच्या या औद्योगिक वसाहतीत तपासणीच्या दिवशी यंत्रं आणि माणसं उसनी देण्याची रीत जुनी, लग्नात दागिने देतात तशी. मोठ्या कारखान्याचा अधिकारी येतो, भरलेली शेड पाहून यादीत नाव घालतो आणि संध्याकाळी ज्याचं त्याच्याकडे परत जातं. यादीत नाव लागलं तर कारखान्याचे दाब मोजायचे प्रेशर गेज मोहनाकडे दुरुस्तीला येणार होते. नाही लागलं तर महिनाअखेर शेडला कुलूप.

"बधा करे छे, बेन," रमणीकभाई कळवळून म्हणाले.

"करू देत सगळ्यांना. आहे तेवढंच मी दाखवणार."

गाडी वळली. आतल्या एकुलत्या खुर्चीत बसलेले तिचे वडील श्रीपतराव "हात दाखवून अवलक्षण" असं काहीसं पुटपुटले. त्यांची चौतीस वर्षं महसूल खात्यात गेली, त्याआधीच्या तीन पिढ्यांची बडोदे दरबारच्या दप्तरात. मोहनाची कंपनी बंद पडली आणि तिने नोकरी न शोधता ही पत्र्याची शेड घेतली, तेव्हापासून दोन वर्षांत त्यांनी इथे पाऊल टाकलं नव्हतं. धंदा आपल्या घराण्याला मानवत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आज साडेदहाला आले तेही मोहनाच्या भावाने, तन्मयने, गळ घातली म्हणून. तपासणीला घरातला एखादा पुरुष समोर असलेला बरा, असं त्याचं म्हणणं.

वाईट हे की अवलक्षणाची भीती मोहनालाही वाटत होती. तिने स्वच्छ हात पुन्हा पुसले.

अकराच्या सुमारास अधिकारी आला. मोहनाचा नमस्कार ओलांडून तो थेट खुर्चीपाशी गेला आणि श्रीपतरावांपुढे फाइल धरून म्हणाला, "शेठ, सही."

मोहनाचं डोकंच फिरलं, आणि त्या रागात भीती कुठल्या कुठे पळाली. तिने फाइल मधूनच उचलली.

"शेठ मी आहे. सही माझी."

अधिकाऱ्याने चहूकडे पाहिलं. एक टेबल, त्यावर दाब तपासायचं एक यंत्र. जागा फारच लहान आहे, तो म्हणाला. मग खुर्चीतले कोण, काय करत होते ते विचारून घेऊन म्हणाला, वडिलांच्या नावाने अर्ज केलात तर निवृत्त सरकारी माणूस म्हणून वजन पडेल. त्याच्याच कारखान्याने नमुना म्हणून पाठवलेला, 'पास'चा शिक्का असलेला गेज मोहनाने यंत्रावर चढवला आणि चाक सावकाश फिरवलं. काटा दहावर थांबायला हवा होता, तो अकरावर जाऊन थांबला.

"हा तुमच्या यादीतल्या कुणीतरी पास केलाय. त्यांची शेड भरलेली असेल. मी नापास केलाय, तसं लिहा."

अधिकाऱ्याने वाकून काटा पुन्हा पाहिला. मग त्याने लिहिलं, काम चोख. खाली लिहिलं, यंत्र एक, माणूस एक. निदान दोन माणसं असल्याशिवाय शिफारस करता येत नाही, नियमच तसा आहे, हे त्याने खरोखर ओशाळून सांगितलं.

श्रीपतरावांनी चष्मा लावला, फाइल मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. दोघं ताटकळले.

"इथे दुरुस्ती करा," ते म्हणाले. "माणसं दोन आहेत. मी इथे कामाला असतो. दहा ते सहा."

चौतीस वर्षांत त्यांनी कागदावर एक खोटं अक्षर येऊ दिलं नव्हतं. अधिकाऱ्याने त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याकडे पाहिलं, मग मोहनाकडे.

"खरं का?"

मोहनाने उंबऱ्याकडे पाहिलं. हातगाडीच्या चाकाची रेघ तिथे अजून होती.

"हो," ती म्हणाली. "आजपासून."

अधिकाऱ्याने एकाचे दोन केले, शिफारशीच्या चौकटीत खूण केली, मोहनाची सही घेतली आणि तो गेला. श्रीपतराव काम उरकल्यासारखे उठले. तन्मय जेवायला वाट पाहत असेल, म्हणाले.

मोहनाने टेबलावर फडकं आणि एक मळकट पितळी गेज ठेवला.

"अप्पा, सुट्टी सहाला. आणि आज अर्धा तास उशीर झालाय तुम्हाला."

श्रीपतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग ते काढून खिशात ठेवलं आणि ते सदऱ्याच्या बाह्या दुमडायला लागले.