एकशे अडुसष्टांची रांग

थायलंडमधल्या सुखोथाईच्या महाथात मंदिराची सगळी माहिती सारापीला तोंडपाठ होती. झोपेतून उठवलं असतं तरी ‘आदरणीय पाहुण्यांनो’पासून सुरू करून ती थेट तलावातल्या कमळांपर्यंत पोचली असती. अडचण एवढीच, की मध्ये कुणी बोलायला नको. कुणी खोकलं, कुणी ‘हे किती जुनं गं?’ असं विचारलं, की तिचा धागा तुटायचा आणि पुन्हा ‘आदरणीय पाहुण्यांनो’पासून सुरुवात करावी लागायची. यापायीच ती बाल-वाटाड्यांच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती.

आजची तिसरी खेप, आणि शेवटची. सहावी संपली की मुलं मोठ्या शाळेत जातात. मग गावच्या शाळेचं निळं जाकीट मिळत नाही. ते जाकीट घातलेली मुलं दर शनिवारी पाहुण्यांना मंदिरातून फिरवून आणत. सारापीचं घर मंदिराच्या कुंपणाला लागून होतं. चार वर्षांची असल्यापासून ती कुंपणापलीकडून ती निळी जाकिटं बघत आली होती.

सकाळी चिंचेखाली प्रानोम बाईंनी आपली गवती टोपी पुढे केली. तिच्यात चिठ्ठ्या होत्या. बाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी शनिवार त्यांनी सोडला नव्हता. सारापीने चिठ्ठी उघडली आणि ती तशीच उभी राहिली. ‘अंध विद्यालय. सहा मुलं.’

परीक्षेलाच आलेल्या वीराने मागून डोकावून वाचलं. “मजा आहे बुवा तुझी! विहिरीपाशी नेऊन हेच देऊळ म्हणालीस तरी चालेल.”

“वीरा,” बाई म्हणाल्या, “तुझ्या वाट्याला कोण आलंय?”

“निवृत्त पोस्टमन, बाई. चाळीस जण.”

“मग सांभाळून. एक पत्ता जरी चुकलास, तर तुलाच शिक्का मारून परत पाठवतील.”

वीरा गेल्यावर सारापी हळूच म्हणाली, “बाई, मला बदलून द्या ना. माझ्या माहितीत बावीस वेळा ‘पाहा’ आहे.”

“मोजलंस कधी?”

“आत्ताच.”

“घाबरलेल्या माणसाला एवढं मोजता येत नाही. जा.”

परीक्षक म्हणून बुन्लेर्त साहेब आले होते. त्यांच्या हातात गुणांचा कागद होता. आवाज, उभं राहण्याची पद्धत, बोट न दाखवता उघड्या तळव्याने दाखवणं, आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: नऊ परिच्छेद पूर्ण.

व्हॅनमधून मुलं उतरली. पुढे त्यांचे प्रसित सर, त्यांच्या खांद्यावर एकाचा हात, त्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा, अशी ती आगगाडी पूर्वेच्या दारातून आत आली. मुलांमध्ये सर्वांत पुढे कम्पोन नावाचा उंच मुलगा होता आणि शेवटच्या डब्यात सात वर्षांची नोई.

सारापीने हात जोडून वाकून नमस्कार केला. सगळं शांत. प्रसित सर हळूच म्हणाले, “ताई नमस्कार करतेय.” लगेच सहाही मुलांनी हात जोडले, पण शेजारच्या खांबाला.

“आदरणीय पाहुण्यांनो,” सारापीने सुरुवात केली आणि तळवा छान उघडून हात लांब केला. “आपल्या उजवीकडे पाहा.”

“पाहिलं,” कम्पोन म्हणाला. “फारच सुंदर.”

पोरं फिदीफिदी हसली. सारापीचा धागा तुटला.

“आदरणीय पाहुण्यांनो, आपल्या उजवीकडे...”

“आमच्या उजवीकडे की तुझ्या?”

“आदरणीय पाहुण्यांनो...”

“हे झालं ना मघाशी?” नोईने अगदी सरळपणाने विचारलं.

बुन्लेर्त साहेबांचं पेन कागदावर हललं. सारापीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. तिने चिंचेकडे बघितलं. बाई संत्रं सोलत होत्या, एकाग्र होऊन. वर्गातही त्यांचं असंच असायचं. पोर अडलं की त्या दुसरंच काहीतरी करत बसायच्या, पण उत्तर पुरवायच्या नाहीत.

“ताई,” नोईने पाय घासून पाहिला, “इथे जमीन एवढी खडबडीत का आहे?”

“जांभा आहे तो,” सारापी नाक पुसत म्हणाली. “जमिनीतून काढतात तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने कापता येतो. उन्हात ठेवला की दगड होतो.”

“आणि हे गुळगुळीत?”

“ती वीट. विटेवर पाऊस पडला की वास येतो, जांभ्याला येत नाही.”

“हेपण पाठ केलंयस?” कम्पोनने विचारलं.

“नाही. हे आमच्या घरामागे आहे.”

बोलत बोलत ती सगळी मुख्य स्तूपाच्या पायथ्याशी आली. पहिले तीन परिच्छेद तिने कसेबसे रेटले. दोन वेळा सुरुवातीला जाऊन आली, तेव्हा मुलांनीच तिच्याबरोबर एका सुरात ‘आदरणीय पाहुण्यांनो’ म्हटलं. मग चौथा परिच्छेद आला. पायथ्याभोवती चुनेगच्चीत घडवलेले एकशे अडुसष्ट भिक्खू, हात जोडून, एकामागून एक चाललेले.

हे ऐकताच कम्पोनने काठी बगलेत धरली आणि दोन्ही हात भिंतीकडे नेले.

कर्कश शिट्टी वाजली. “हात लावू नका! हात लावू नका!” पहारेकरी धावतच आला. जवळ आल्यावर त्याला काठ्या दिसल्या. तो ओशाळला, त्याने टोपी काढली. “पोरांनो, माझ्यावर रागवू नका. सातशे वर्षांचा चुना आहे. बोट लागलं की भुगा पडतो. वीस वर्षं झाली, मीसुद्धा कधी हात लावलेला नाही.”

कम्पोनने हात खाली घेतले. आता तो चेष्टा करत नव्हता. “मग आम्हाला इथवर आणलं कशाला? व्हॅनमध्ये बसून ऐकलं असतं.”

यावर काय बोलायचं ते नऊ परिच्छेदांत कुठेच नव्हतं. सारापीने भिंतीकडे पाहिलं. त्या भिक्खूंना ती रोज बघायची, पण आज पहिल्यांदा तिने त्यांचे पाय नीट पाहिले.

“कम्पोन, हात पुढे कर,” ती म्हणाली. “भिंतीकडे नाही, माझ्याकडे.”

तिने त्याचे तळवे छातीशी जुळवले, कोपरं थोडी बाहेर ओढली. “मान जराशी खाली. एवढी नको, झोपल्यासारखा दिसतोस. आता उजवा पाय पुढे. मागच्या पायाची टाच उचल. अजून. बास, असाच राहा.”

“पडेन ना मी!”

“ते सातशे वर्षं उभे आहेत.”

“सगळे?”

“सगळे नाहीत. काहींची डोकी गेलीत. काहींचे नुसते पाय उरलेत.”

“किती जणांचे?”

बाल-वाटाड्याने पाहुण्याला ‘माहीत नाही’ म्हणू नये, असं पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं. अडलेली मुलं तिथे एखादा आकडा ठोकून द्यायची.

“माहीत नाही,” सारापी म्हणाली. “मी कधी मोजले नाहीत. नोई, तू ये, याच्या मागे उभी राहा.”

तिने एकेकाचे हात जुळवले, एकेकाची टाच वर केली. सहा जण झाले, सातवे प्रसित सर. “आता चालायचं. सावकाश, पुढच्याच्या पावलांच्या आवाजावर. देऊळ उजव्या हाताला. भिंतीवरचे जसे चाललेत तसेच, त्यांच्याच बाजूने.”

ती पुढे चालली. मागून काठ्यांचा आवाज नाही, हसणं नाही, नुसती पावलं. पहारेकऱ्याने टोपी काखेत मारली आणि शेवटी तोही रांगेत शिरला. बुन्लेर्त साहेबांना गुण द्यायचे होते, म्हणून तेही कागद सांभाळत मागून निघाले.

“ऊन गेलं,” तिसऱ्या बाजूला नोई म्हणाली. “देवळाच्या सावलीत आलो ना आपण?”

“हो. ही पश्चिम.”

“केवढं उंच असेल मग! सावली संपतच नाहीये.”

फेरी पूर्ण झाल्यावर कम्पोन तसाच हात जोडून उभा राहिला. मग म्हणाला, “एका ठिकाणी मी अडखळलो. तिथे भिंतीतला भिक्खू होता का?”

“होता. त्याला डोकं नाही. पण टाच उचललेलीच आहे.”

बुन्लेर्त साहेबांनी घसा खाकरला. “छान झालं. पण सारापी, चारच परिच्छेद झाले. नियमाप्रमाणे...”

“म्हणजे अजून पाच आहेत?” कम्पोन उसळला. “आमचे पाच खाऊन टाकता का साहेब?”

चिंचेखालून बाईंचा आवाज आला. “चारला दार बंद होतं, साहेब. आत्ता दहाच वाजलेत.”

साहेब पायरीवर बसले. सारापी मुलांकडे वळली. “मध्ये बोललात तरी चालेल,” ती म्हणाली.

मुलांनी संधी सोडली नाही. पाचव्या परिच्छेदात कुणीतरी राजाचं नाव विचारलं, आठव्यात एकाला तहान लागली, नवव्यात नोईला बेडूक ऐकू आला आणि सगळी वरात तळ्याकडे वळली. बेडकाचं झाल्यावर सारापी क्षणभर घुटमळली. “मी कुठे होते?”

“कमळांवर,” नोई म्हणाली.

“हं, कमळांवर,” आणि ती तिथूनच पुढे बोलू लागली. आपण मागे गेलो नाही, हे तिला नववा परिच्छेद संपल्यावर लक्षात आलं. बावीसपैकी एकही ‘पाहा’ तोवर उरला नव्हता.

बुन्लेर्त साहेबांनी कागदावर खूप वेळ काहीतरी लिहिलं आणि पिशवीतून निळं जाकीट काढलं. “तळव्याचे पाचपैकी पाच,” ते म्हणाले. “कुणी बघितला नसला तरी.”

जाकीट दोन मापं मोठं होतं. बाईंनी येऊन बाह्या दुमडून दिल्या. शाबासकी म्हणून अर्धं संत्रं दिलं, आणि एक फोड कम्पोनला. फोड घ्यायला पुढे केलेली त्याची बोटं सारापीच्या जाकिटाच्या छातीवर टेकली आणि तिथल्या जाड भरतकामावर थांबली.

“हे काय आहे?”

“तुम्ही ज्याच्याभोवती फिरलात त्याचा कळस. कमळाच्या कळीसारखा.”

त्याने कळीच्या बुडापासून टोकापर्यंत बोट नेलं, दोनदा. “वर असं आहे होय? मग आधी नाही का सांगायचं!”

“आठव्या परिच्छेदात सांगितलं. तू तेव्हा पाणी पीत होतास.”

मागून बाकीचे हात पुढे येऊ लागले. नोईचा पोचत नव्हता, म्हणून सारापी विटांवर गुडघे टेकून बसली.