इटलीच्या विमानांना भ्यालेले कावळे

कस्तुराबाईच्या दहाव्याला औंढ्यात कावळाच नव्हता. पिंडाला शिवत नव्हता असं नव्हे, नावालासुद्धा नव्हता. आणि तो का नव्हता, हे नदीवर जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. लढाई पेटली तसा लोणावळ्याला पलटणीचा तळ पडला. तिथल्या साहेबाला शत्रूच्या विमानांचे लाकडी नमुने हवे होते. ते बघून शिपायांनी आकाशातलं विमान आपलं की इटलीचं, हे ओळखायला शिकायचं. औंढ्याच्या महिपती सुताराला बोलावणं आलं. आजवर त्यानं नांगर केले, पाभरी केल्या, पाळणे केले. साहेबानं त्याच्या हातात कागद दिला. त्यावर एकच विमान वरून, बाजूनं आणि समोरून काढलेलं. सहा फुटांना एक इंच धरायचा. म्हणजे मॅकी असो की फियाट, इटलीचं लढाऊ विमान पाच-सहा इंच भरायचं.

महिपती पांगाऱ्याचं हलकं लाकूड घ्यायचा, पोट तासायचा, पंख बसवायचा, सांध्यांच्या फटी लांबीनं बुजवून काचकागदानं घासायचा. रंगकाम मात्र त्याच्या बायकोचं, कस्तुराबाईचं. अंगाला वाळूचा रंग, त्यावर हिरवे ठिपके, शेपटीवर पांढरी फुली. ठिपके ती बोटानं द्यायची, पोळ्याला बैलावर देतात तसे. पंखावर इटलीच्या सरकारची खूण असायची, कुऱ्हाड खोचलेल्या काठ्यांच्या तीन जुड्या. त्या पहिल्यांदा बघून ती म्हणाली होती, "तिकडंबी बायास्नी मोळ्या आनाव्या लागत्यात वाटतं."

साहेब पट्टी लावून बघायचा. पंख जरा लांब भरला की विमान परत. अशी परत आलेली बरीच साठली, तेव्हा शेजारच्या गेणूनं ती भातावरची पाखरं हाकायला मागून नेली. महिपतीनं त्यांच्या नाकाला पत्र्याचे पंखे लावून दिले. वारा आला की ती दोरीवर घुंघुं करत फिरायची. गेणूचं बघून बाकीच्यांनी नेली. दसऱ्यानंतर सगळ्या शिवारावर इटलीची फौज घोंगावत होती. कावळ्यांनी थोडे दिवस दम धरला आणि मग सगळे उठून गेले. कुणाचं काही अडलं नाही.

मग कस्तुराबाई तापानं गेली, आणि अडलं.

विमानं आदल्या दिवशीच उतरवली होती. पण कावळ्यांना ते कळवणार कोण? पिंड ठेवून माणसं मागं सरली आणि रिकाम्या आकाशाकडं बघत उभी राहिली.

भावकीतली थोरली अंबूबाई पुढं झाली. "कस्तुरे, तुज्या मान्साला आमी उपाशी ठेवनार न्हाई. शिव बाई."

काही नाही.

"वैनी, तुजी शेळी मी संबाळीन," गेणू म्हणाला.

काही नाही.

अंबूबाईनं महिपतीला कोपरानं ढोसलं. "दुसरं लगीन करनार न्हाई म्हन."

"आवं मावशी, ऐकायला कावळा तर पायजे!"

"कावळा नसंल. ती असंल की."

ताप डोक्यात गेल्यापासून कस्तुराबाई एक शब्द बोलली नव्हती. मूलबाळ नाही, तिचं मन जाणणारं दुसरं कुणी नाही. तिचं काय राहिलं हे सांगायला आता कावळाच तेवढा होता.

भटजी उन्हानं कावले होते. "दर्भाचा कावळा करू. शास्त्राला चालतो."

"केलेलाच कावळा पायजे तर मी न्हाई का करनार?" महिपती म्हणाला. "पर त्यो तिच्या मनातलं कसं सांगंल?"

"कर की," गेणू मनापासून म्हणाला. "सा फुटाला एक इंच धर."

"मुंगीयेवडा हुईल, गेण्या."

"मग लोनावळ्याचे बघा," मागून कुणीतरी म्हणालं. "पलटनीच्या भटारखान्यामागं लय हायत. पाव खाऊन माजल्यात."

महिपतीनं पिंड पत्रावळीवर घेतला.

"अहो, कावळ्यानं पिंडाकडं यायचं असतं," भटजी म्हणाले. "पिंडानं कावळ्याकडं जावं असं कुठं लिहिलेलं नाही."

"जाऊ नये आसंबी न्हाई न्हवं?"

भटजी विचार करेपर्यंत सगळा गाव लोणावळ्याच्या वाटेला लागला होता.

तळाच्या फाटकावर हवालदार कोंडाजी होता. तो वडिवळ्याचा, महिपतीला ओळखणारा. "मिस्त्री, आज काय आनलंय? मॅकी का फियाट?"

"बायकूचा पिंड."

"आत काय काम?"

"कावळा पायजे."

कोंडाजीला फाटकावर काय काय अडवायचं याचे हुकूम होते. पिंडाचा हुकूम नव्हता. "पास तुजा हाय. पिंडाचा न्हाई," तो म्हणाला. मग त्यानं पत्रावळीकडं पाहिलं, महिपतीच्या भादरलेल्या डोक्याकडं पाहिलं आणि फाटक उघडलं. गाव बाहेर थांबला.

भटारखान्यामागं, फाटकातून दिसेल अशी, शिपायांना शिकवायची पत्र्याची शेड होती. तिथं तारेला महिपतीचीच विमानं टांगलेली, आणि तारेवर कावळे. हे कावळे इटलीला भीत नव्हते आणि इंग्रजालाही नव्हते. एक तर मॅकीच्या पंखावर बसून हिरव्या ठिपक्यांवर चोच घासत होता.

महिपतीनं पिंड खाली ठेवला, मागं सरला, हात जोडले. काय काय विचारायचं ते त्यानं वाटेनं मनात लावून ठेवलं होतं. तिच्या भावाचं, तिच्या पाटल्यांचं, दुसऱ्या लग्नाचं.

"कस्तुरा, तुजं काय..."

एवढ्यात पंखावरचा कावळा उतरला आणि शिवला. मागोमाग बाकीचे तुटून पडले. पत्रावळ साफ झाली.

"शिवला!" फाटकावर ओरडा झाला. "सुटली गं माजी बाय!" म्हणत अंबूबाई रडायला लागली.

"नशीबवान हायस," मागोमाग आत आलेला कोंडाजी म्हणाला. "माज्या आयच्या टायमाला दीस कलला हुता."

"येवड्या बिगीनं कसा शिवला?"

"म्हंजी मनात काय न्हवतं तिच्या."

"काईच न्हाई?"

"काईच न्हाई. चांगलंच की."

महिपती रिकाम्या पत्रावळीपाशी बसला. सगळा जन्म एका घरात काढला, आणि जाताना तिला त्याच्याकडं मागायचं काहीच नव्हतं. "मी इचारायच्या आदीच शिवला," तो म्हणाला. "आनकी एक पिंड आसता तर नीट इचारलं आसतं."

कोंडाजीनं भटारखान्यात जाऊन एक पाव आणून दिला.

महिपतीनं तो पत्रावळीवर ठेवला आणि पुन्हा हात जोडले. कावळ्यांची पोटं भरलेली. त्यांनी पावाकडं बघितलं आणि पंखात चोची खुपसल्या.

"तुज्या भावाला बोलवून घिऊ का?" महिपतीनं विचारलं.

कावळा हलला नाही.

महिपतीला बरं वाटलं. काहीतरी राहिलं होतं तर. त्यानं मांडी घातली.

"अहो, उठा आता!" फाटकाबाहेरून भटजींनी हाक मारली.

महिपती उठला नाही. त्यानं सावकाश दुसरी गोष्ट विचारायला घेतली.