हिरव्या झाकणाचं पिंप

शिकायला आली होती औषधांचं शास्त्र, आणि रमली चिखलात. घरी कळलं असतं तर आईने कपाळावर हात मारून घेतला असता. म्हणून फोनवर तिने एवढंच सांगितलं होतं, की शनिवारी जरा विरंगुळा म्हणून एका मावशींकडे जाते. विरंगुळा कसला! सोमवारपासूनच तिचे डोळे शनिवारकडे लागलेले असायचे.

पहिले तीन महिने फार वाईट गेले होते. वसतिगृहाच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि भिंतीकडे तोंड करून रडायची सोय, एवढंच काय ते होतं. एका दुपारी खोली अगदी खायला उठली तेव्हा ती बाहेर पडली आणि पाय नेतील तिकडे चालत कारागिरांच्या गल्लीत येऊन पोचली. तिथे एक आजोबा वेताच्या खुर्च्या विणत होते. त्यांच्या शेजारी एक सुतार मान वर न करता दाराच्या चौकटीवर वेल कोरत होता. पलीकडे रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या आणि त्यांचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. कोणी तिला हाक मारली नाही, कोणी हाकललंही नाही. गल्लीच्या शेवटच्या दुकानात पन्नाशीची एक बाई चाकावर बसली होती. तिच्या हातांत मातीचा गोळा बघता बघता वर चढला, पोटात फुगला, गळ्याशी आवळला आणि त्याची सुरई झाली. ही आपली दारात उभी ती उभीच.

अर्ध्या तासाने बाई म्हणाली, "आत तरी ये, नाहीतर उजेड तरी सोड. सावली पडतेय माझ्या कामावर."

ती आत गेली. त्या दिवसापासून बाई तिच्या मावशी झाल्या आणि ती त्यांची 'पाहुणी'. नाव विचारायची गरज दोघींनाही पडली नाही.

शिकवणं म्हणाल तर सुरुवातीला पालथ्या घड्यावर पाणी. पाहुणीचा गोळा चाकाच्या मध्यावर बसायचाच नाही, लडखडत एका बाजूला पळायचा. मावशी हसायच्या. "अगं, मातीला धाक नको दाखवूस, ती काय तुझी विद्यार्थिनी आहे? कोपर मांडीवर टेकव. हां. आता गप्प बस." मग एका शनिवारी गोळा मध्यावर बसला. चाक गरगर फिरत होतं आणि तिच्या तळव्याखाली मात्र काहीच हलत नव्हतं. घर सोडल्यापासून इतकं शांत तिला कुठेच वाटलं नव्हतं. आनंदाने तिला रडूच आलं, आणि मावशींनी ते न पाहिल्यासारखं केलं.

मावशींचं एक वाक्य ठरलेलं होतं. "नवी माती हट्टी असते. मुरली की शहाणी होते." मागच्या भिंतीशी माती भरलेली तीन पत्र्याची पिंपं होती. एक यंदाचं, एक गेल्या वर्षीचं आणि तिसरं हिरव्या झाकणाचं, छोटंसं. दुकान बंद करताना मावशी त्या तिसऱ्या पिंपाचं झाकण चार बोटं उचलायच्या, आतलं फडकं तसंच ठेवून त्यावर थोडं पाणी शिंपडायच्या, आणि तेवढा वेळ तोंड भिंतीकडे फिरवून उभ्या राहायच्या. वासामुळे असेल, असं पाहुणीला वाटे. जुन्या मातीला वास येतोच.

"ही माती कधी काढायची, मावशी?" तिने एकदा विचारलं होतं.

"मुरतेय अजून," मावशी म्हणाल्या आणि झाकण लावून टाकलं.

मावशींना एक लेक होती हे तिला बोलण्या-बोलण्यातून कळलं होतं. "माझी लेक कपाला कान लावते ना, जोड शोधून सापडत नाही. आणि तू लावलेला बघ, गाढवाला शोभेल." लेक लग्न होऊन कुठेतरी दूर गेली असणार, असं पाहुणीने आपलं आपणच ठरवून टाकलं. त्या न पाहिलेल्या लेकीचा तिला थोडा हेवाही वाटायचा.

बघता बघता वर्ष सरत आलं. परीक्षेला महिना राहिला होता, मग घर. त्या शनिवारी मावशींना डोळे तपासायला जायचं होतं. त्यांनी किल्ली पाहुणीच्या हातात ठेवली. "बस चाकावर. चहा करून घे. चारपर्यंत येते मी."

दुकान एकटीच्या ताब्यात मिळण्याची ही पहिलीच वेळ! पाहुणीने मनाशी ठरवलं, की जाण्याआधी मावशींना त्यांच्यासारखेच पातळ काठाचे सहा वाडगे करून दाखवायचे. त्यांनी परत आल्यावर म्हटलं पाहिजे, की पोरगी शिकली. पण यंदाची माती अजून हट्टी होती, काठ पातळ केला की फाटत होती. गेल्या वर्षीच्या पिंपात तळाला खरवड तेवढी उरली होती. मग तिची नजर हिरव्या झाकणाकडे गेली.

मावशींना विचारायला हवं हे तिच्या मनात आलं नाही, असं नाही. आलं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! तिने स्वतःची समजूत घातली, की मुरलेली माती असते तरी कशासाठी? आणि फडकं उचललं.

खाली माती अगदी सपाट थोपटलेली होती आणि तिच्यावर एका हाताचा ठसा होता. पाचही बोटं नीट उमटलेली. पिंप भरताना कोणीतरी शेवटची थाप मारली असणार. पाहुणीला गंमत वाटली. कोणालाही वाटेल तसं तिलाही वाटलं, आणि तिने त्यात आपला हात ठेवून पाहिला. मग तार घालून माती कापली, सगळी बाहेर काढली आणि मळायला बसली.

काय माती होती ती! लोण्यासारखी. तिसऱ्या वाडग्यापर्यंत तिचा विश्वासच बसत नव्हता, पाचव्याला ती एकटीच मोठ्याने हसली. सहाही वाडगे एका मापाचे, काठ असे की प्रकाश आरपार जाईल की काय. आयुष्यात आपल्या हातून इतकं चांगलं काही झालेलं नाही, हे तिला कळत होतं. सहा वाडगे फळीवर मांडून ती दाराकडे बघत बसली.

मावशी चारला आल्या, भिंत चाचपतच. "डोळ्यांत औषध घातलंय मेल्यांनी. दोन तास सगळं धूसर. तू काय केलंस दिवसभर?"

"हात लावून बघा!"

मावशींनी पहिल्या वाडग्याच्या काठावरून बोट फिरवलं. चेहरा खुलला. "अगं बाई! हे तू?" मग बोटाला लागलेली माती त्यांनी अंगठ्याने चोळली. पुन्हा चोळली. "कुठली माती ही?"

"हिरव्या झाकणाची," पाहुणी ऐटीत म्हणाली.

मावशी पिंपाशी गेल्या, वाकल्या आणि आत हात घातला. हात तळाला लागला तसा त्याचा पत्र्यावर आवाज झाला. त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

"सगळी काढलीस?"

"हो... का, मावशी?"

"वर हात होता."

मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळू, सपाट आवाजात सांगत होत्या. "माझ्या लेकीने भरलं होतं ते पिंप. सोळा वर्षांची होती. भरून झालं, वर थाप मारली आणि म्हणाली, आई, आपण ही पुढच्या वर्षी काढू. दुसऱ्या दिवशी ताप चढला. चौथ्या दिवशी गेली. सहा वर्षं झाली."

"मला माहीत नव्हतं," पाहुणी म्हणाली. "मी... मी परत गोळा करून ठेवते. तशीच भरून ठेवते." आणि आपण काय बोललो ते ऐकून धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. माती परत भरता आली असती. पण थाप कोण मारणार होतं?

"चूक माझीच," मावशी म्हणाल्या. "सांगितलं नाही मी तुला. सांगायचं तर तोंडाने म्हणावं लागलं असतं, गेली म्हणून. तो ठसा भाजून ठेवता येत नव्हता, एवढा जाड गोळा भट्टीत फुटतो. लोक म्हणाले, साचा काढून घे. साचा काढायला फडकं उचलायला हवं ना? तेच होईना. सहा वर्षं पाणी घातलं, पण एकदाही बघितलं नाही गं. वाटायचं, आहे ना, जातोय कुठे. कधीतरी धीर होईल तेव्हा बघू."

मग मावशींनी धूसर डोळे तिच्याकडे वळवले. "तू बघितलास ना तो?"

"हो."

"कसा होता?"

"उजवा हात. बोटं पसरलेली. करंगळी जरा बाहेर गेलेली."

"दारात चेंगरली होती लहानपणी."

"अंगठा सगळ्यांत खोल होता."

"जोर करायची अंगठ्याने. हजारदा सांगितलं होतं." मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आणखी?"

सांगावं की नाही? पण आता लपवून काय राहणार होतं? "मावशी, मी माझा हात ठेवला होता त्यात."

ती थप्पडेची वाट बघत राहिली.

"बसला?" मावशींनी विचारलं.

"नाही. माझी बोटं पुढे जात होती."

"दे."

मावशींनी तिचा उजवा हात ओढून घेतला. त्यावर तीच माती वाळली होती. त्यांनी तिची बोटं एकेक करून टोकाशी दुमडली. "इथपर्यंत?"

"थोडं आत."

"इथपर्यंत?"

"हो. अर्धं पेर."

"आणि करंगळी?"

पाहुणीने करंगळी बाहेर काढून धरली. मावशींनी डोळे मिटले आणि तो हात आपल्या तळव्यावर ठेवून वरून दुसऱ्या हाताने झाकला.

"मावशी, वाडगे मोडून टाकू का?" ती रडत म्हणाली.

"आता बोलू नकोस."

बाहेर सुताराची हातोडी थांबली, आजोबांनी खुर्च्या आत घेतल्या, गल्लीतली दारं लागू लागली. पाहुणीचा हात अवघडून गेला होता, दुमडलेल्या बोटांना मुंग्या येत होत्या. तिने ती सरळ केली नाहीत.