रिकाम्या गाडीचे दिवे

ताईच्या पिकअपचे दिवे म्हणजे दुखणेकऱ्याचे डोळे. उघडे असून नसल्यासारखे. फरश्यांचा माल घेऊन ती उजाडायच्या आत निघायची, दिवेलागणीला शेवटची खेप टाकायची आणि दोन्ही वेळा रस्ता चाचपडत काढायची. धाकटा भाऊ गाड्यांचं वायरिंग करणारा, आणि सख्ख्या बहिणीच्या गाडीची ही तऱ्हा. ती टोमणे मारी, तो उद्या बघू म्हणे.

"तुझा उद्या शोधायलाही मला दिवे लागतील," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा कुठे त्यानं काम अंगावर घेतलं.

एकदा घेतल्यावर मात्र मन लावून केलं. पिवळ्या पडलेल्या काचा घासून लख्ख केल्या. जुन्या बारीक तारांतून वळसे घेत येणारी वीज दिव्यापर्यंत पोचता पोचता दमून जात होती. त्यानं बॅटरीपासून थेट जाड तार ओढली, मध्ये रिले बसवला, अर्थिंगची गंजकी जागा खरवडून चकचकीत केली. उरलं ते झोताचं माप. गॅरेजसमोरच्या भिंतीवर त्याची खडूची रेघ होती. झोत त्या रेघेला टेकला की दिवे बरोबर, अशी त्याची रीत.

ताई म्हणाली, सकाळी माल भरून आणते, मग लाव रेघेला. पण दारात दुसरं गिऱ्हाईक ताटकळत होतं.

"दिवा पुढे, माल मागे. त्यांचं काय नातं?" म्हणून तो हसला आणि रिकाम्याच गाडीचे स्क्रू पिळून मोकळा झाला.

नातं त्याला ठाऊक होतं. मागे वजन पडलं की गाडी बसते, नाक वर करते, आणि झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. माहीत नव्हतं असं नाही. कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला शहाणपणाचा सदरा घालून तो बहिणीपुढे उभा राहिला होता.

त्याच आठवड्यात बाबा सायकलवरून पडले.

बाबा घड्याळजी. दुकान बंद करून उताराच्या रस्त्यानं घरी येत होते. समोरून उजेड आला, रस्ता पांढरा झाला, मग काळा झाला, आणि ते सायकलसकट कडेच्या चरात. उजेड गोदामाच्या गल्लीत वळून निघून गेला. लागलं फारसं नाही, गुडघा सोलवटला. पण मनाला लागलं. गाड्या रोजच येतात, दिवे रोजच असतात, असं ते म्हणाले; साधा उजेड सोसेना म्हणजे डोळे गेले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, मला कळलंय तेच पुन्हा ऐकायला कशाला जाऊ?

सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. दुकानाचं शटर वर गेलं नाही. मग एका सकाळी त्यांनी डोळ्याला लावायचं आपलं भिंग धाकट्याच्या तळहातावर ठेवलं. वायरिंगमधले जळलेले पॉइंट बघायला तुला होईल, म्हणाले. कडेला त्यांच्या भुवईनं झिजवलेलं काळं भिंग. त्यानं ते खिशात टाकलं, आणि दिवसभर खिसा जड लागत राहिला. कारण बाबांनी गोदामाची गल्ली म्हटली, तेव्हाच त्याला ताईची गाडी आठवली होती. त्या गल्लीत संध्याकाळी फरश्या कोण उतरवतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तरी त्यानं मनाला समजावलं, की दुसरी कुठली गाडी असेल. मग ताई जेवायला आली आणि ताटावर बसून कौतुकानं सांगू लागली, की दिवे असे झालेत, समोरचा प्रत्येक जण डिपर मारून सलाम ठोकतो. एकानं तर खिडकीतून हातही हलवला. सगळे हसले. बाबाही हसले, आणि आमटीच्या वाटीसाठी पुढे केलेला हात जरा बाजूला पडला तसे लगेच म्हणाले, "बघा, वाटीसुद्धा दिसेना."

वाटी त्यांना दिसत होती. ते नुसते घाबरले होते. पण ताईनं मुकाट्यानं वाटी त्यांच्या हाताशी सरकवली. धाकट्याचा घास तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ताईला सांगितलं, शेवटची खेप टाकण्याआधी गाडी भरलेली तशीच गॅरेजवर आण. आणि बाबांना हाताला धरून घेऊन आला. तिन्हीसांजेचा अंधार पडत होता. बाबांना त्यानं भिंतीपाशी उभं केलं आणि ताईला दिवे लावायला सांगितलं.

बाबांनी दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. "हाच," ते म्हणाले. "हाच होता."

ताई गाडीतून उतरली. तिनं भिंतीकडे पाहिलं. झोत रेघेच्या कितीतरी वर, बाबांच्या कपाळावर होता. ती गॅरेजच्या पायरीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सलाम ठोकणारे सगळे तिला आता आठवत असावेत.

धाकटा स्क्रू पिळू लागला. झोत बाबांच्या कपाळावरून नाकावर, गळ्यावर, सदऱ्याच्या गुंड्यांवरून उतरत रेघेवर आला.

"तुमचे डोळे चांगले आहेत, बाबा. माप मी चुकवलं. ताईनं भरून आणते म्हटलं होतं, मी ऐकलं नाही."

बाबांनी हात खाली घेतले. समोरची गाडी, तिची नंबरप्लेट, बंपरवरचा पोचा, सगळं एकेक करून पाहिलं. चेहरा उजळला, आणि मग विझला.

"कधी कळलं तुला?"

"तुम्ही पडलात, त्याच रात्री."

"आणि भिंग घेतलंस."

त्यानं खिशातून भिंग काढलं, सदऱ्याला पुसलं आणि पुढे केलं. बाबांनी लगेच घेतलं नाही. ते वाकून दिव्याचा स्क्रू बघू लागले, जसं कुणाचं बंद पडलेलं घड्याळ बघावं तसं. मग न वळता नुसता हात मागे पसरला, दुकानात अवजार मागताना पसरत तसा.

भिंग डोळ्याला लावून ते बराच वेळ बघत राहिले.

"डावा अजून केसभर वर आहे," ते म्हणाले. "घे खाली. ताईला पोचायला उशीर होतोय."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर लावला. टोक खाचेतून दोनदा निसटलं, आणि ते बाबांना आता अगदी स्वच्छ दिसत होतं.